लुइझियानाचा पेटीतला भात

आज मी आपणांशी बोलणार आहे ते एका पुठ्ठ्याच्या पेटीविषयी. अमेरिकेतल्या कोणत्याही मोठ्या किराणा दुकानात तांदळाच्या मांडणीपाशी गेले की ही पेटी हटकून दृष्टीस पडते. तिचे वजन बहुधा ८ औंस, म्हणजे सुमारे २२७ ग्रॅम. आत तांदूळ, वाळवलेल्या कांदा-लसणीचे व ढोबळ्या मिरचीचे कण, मीठ आणि मसाला. आणि वर ‘जंबालाया’, ‘गंबो’ किंवा ‘राजमा व भात’ ह्यांपैकी एखादे नाव. पाणी, चमचाभर तेल आणि अर्धा तास एवढ्या भांडवलावर केजन पद्धतीचे रात्रीचे जेवण तयार होईल, असे आश्वासन ही पेटी देत असते.

ह्या आश्वासनाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की, हा स्वयंपाकच नव्हे; जी पक्वान्ने करण्यात पिढ्यान् पिढ्या खर्ची पडल्या, त्यांची ही निव्वळ नक्कल आहे. दुसरा पक्ष म्हणतो की, दिवसभर काम करून सहा वाजता घरी आलेल्या माणसाला पिढ्यान् पिढ्यांशी काय कर्तव्य? त्याला सात वाजता पानावर गरम भात हवा. वस्तुतः दोन्ही पक्ष एक साधा प्रश्न विचारावयाचे विसरतात. तो प्रश्न असा की, ह्या पक्वान्नांतले पेटीत भरण्याजोगे काय आहे आणि भरताच येणार नाही असे काय आहे? ह्याचा नीट उलगडा झाला, म्हणजे पेटीला शिव्याही द्याव्या लागत नाहीत आणि तिच्यावर विसंबूनही राहावे लागत नाही. आणि तो उलगडा होण्यासाठी ही पक्वान्ने मुळात कोणाची, हे प्रथम पाहिले पाहिजे.

लुइझियाना हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी दक्षिणेकडचे एक राज्य. मिसिसिपी नदी मेक्सिकोच्या आखाताला जेथे मिळते तेथला हा सखल, पाणथळ मुलूख. ‘केजन’ हा शब्द ‘अकेडियन’ ह्या शब्दाचा अपभ्रंश आहे. आज कॅनडात मोडणाऱ्या नोव्हा स्कोशिया व आसपासच्या प्रदेशाला पूर्वी अकेडिया म्हणत. तेथे फ्रेंच बोलणारे शेतकरी राहत असत. ब्रिटिश राजाशी बिनशर्त एकनिष्ठतेची शपथ घेण्याचे त्यांनी नाकारले, तेव्हा १७५५ सालापासून त्यांना घरादारांतून उठवून, जहाजांत घालून देशोधडीस लावण्यात आले. त्यांच्यापैकी काही कुटुंबे १७६५ च्या सुमारास लुइझियानात येऊन पोचली आणि तेथल्या दलदलीच्या व गवताळ प्रदेशात स्थायिक झाली. हेच केजन लोक.

परंतु केजन स्वयंपाक एकट्या केजन लोकांचा नाही. तेथे आधीपासून चोक्टॉ वगैरे मूळचे रहिवासी होते. फ्रेंच आणि स्पॅनिश होते. आणि गुलाम म्हणून पकडून आणलेले आफ्रिकेतले लोक होते. ह्या शेवटच्यांना भातशेती उत्तम अवगत होती. न्यू ऑर्लिन्स शहरातल्या संमिश्र समाजाच्या स्वयंपाकाला ‘क्रिओल’ म्हणतात आणि पश्चिमेकडच्या खेड्यापाड्यांतल्या स्वयंपाकाला ‘केजन’. दोहोंतली सीमा पुसट आहे. तरीपण एक खूण सांगता येते: क्रिओल जंबालायात टोमॅटो पडतो, म्हणून तो तांबडा दिसतो, केजन जंबालाया तपकिरी असतो. हा तपकिरी रंग कोठून येतो, हे लक्षात ठेवावे. तो मसाल्याचा रंग नव्हे. भांड्याच्या तळाशी मांस खरपूस परतल्याने तो येतो.

आता पक्वान्नांची ओळख करून घेऊ. जंबालाया म्हणजे मांस, भाज्या आणि तांदूळ एकाच भांड्यात शिजवलेला भात. गंबो म्हणजे दाट रस्सा. तो वेगळ्या शिजवलेल्या भातावर वाढतात. ‘गंबो’ ह्या नावाचे मूळ मध्य आफ्रिकेतल्या बांटू भाषांतल्या भेंडीच्या नावात सापडते. आपल्या ओळखीची भेंडी तेथे रश्शाला दाटपणा आणते. आपल्याकडे भेंडीचा चिकटपणा जावा म्हणून ती धुऊन, कोरडी करून मग चिरतात आणि भाजीत एखादे आमसूल टाकतात; लुइझियानाच्या गृहिणीला हवा असतो तो नेमका तोच चिकटपणा. भेंडी नसेल तेव्हा चोक्टॉ लोकांकडून शिकलेली ससाफ्रास झाडाच्या वाळलेल्या पानांची पूड वापरतात. तिला ‘फिले’ म्हणतात. ती भांडे विस्तवावरून उतरवल्यावर घालावयाची. उकळत्या रश्शात पडली तर तिच्या तारा सुटतात.

ह्या साऱ्या स्वयंपाकाच्या मुळाशी कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी ह्या तीन भाज्या आहेत. सेलरी ही ओव्याच्या कुळातली, लांब रसाळ देठांसाठी खाल्ली जाणारी भाजी. ह्या तिघींना लुइझियानात मोठ्या भक्तीने ‘पवित्र त्रयी’ म्हणतात. आपल्याकडे फोडणीवाचून जसे पान हलत नाही, तसे तेथे ह्या त्रयीवाचून हलत नाही.

आता राजमा आणि भात. न्यू ऑर्लिन्समध्ये हे सोमवारचे जेवण होय, आणि ह्या वाराची कथा मनोरंजक आहे. सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस. पाणी तापवणे, कपडे चोळणे, पिळणे ह्यांत गृहिणीचे दोन्ही हात दिवसभर गुंतलेले असत. म्हणून ती सकाळीच राजम्याचे भांडे चुलीवर चढवी, रविवारच्या मेजवानीतले उरलेले डुकराच्या मांसाचे हाड त्यात टाकी, आणि संध्याकाळपर्यंत तिकडे फारसे पाहत नसे. विस्तव आपले काम करी, ती आपले करी. न्यू ऑर्लिन्सचे जगप्रसिद्ध वादक लुई आर्मस्ट्राँग ह्यांना हे अन्न इतके प्रिय होते की, ते पत्राच्या शेवटी ‘आपला’ ह्याऐवजी राजमा-भाताची शपथ घातल्यासारखी सही करीत.

श्रोतेहो, ह्या सोमवारच्या भांड्यातच आपल्या विषयाचे मर्म आहे. ज्याला आज आपण सावकाशीचे, परंपरागत, अस्सल जेवण म्हणतो, तेही मुळात हातांचा तुटवडा भागविण्यासाठी काढलेली युक्ती होती. त्या गृहिणीपाशी दिवसभर जळणारा विस्तव होता, पण मोकळे हात नव्हते. आजच्या कामकरी कुटुंबापाशी संध्याकाळी हात असतात, पण तास नसतात. तुटवडा बदलला, म्हणून युक्ती बदलली. तेव्हा पेटी वापरणारी स्त्री किंवा पुरुष परंपरेशी द्रोह करतो, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही.

पेटीचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. एमिल झॅटरॅन ह्या गृहस्थांनी १८८९ साली न्यू ऑर्लिन्समध्ये आपल्या धंद्याची सुरुवात केली. त्यांचा आरंभीचा नावाजलेला माल म्हणजे ‘रूट बीअर’ नावाच्या पेयाचा अर्क. भाताच्या पेट्या पुष्कळ नंतरच्या. ‘झॅटरॅन्स’ हे नाव आज अमेरिकाभर ह्या पेट्यांवर दिसते. २००३ साली ही कंपनी मॅकॉर्मिक ह्या मोठ्या मसाला कंपनीने विकत घेतली. दुसरे नाव टोनी सॅशरी ह्यांचे; त्यांच्या मसाल्याचा धंदा १९७२ साली ओपलूसास ह्या गावी सुरू झाला. त्याच ओपलूसासच्या परिसरात शेतकऱ्याच्या घरी वाढलेले पॉल प्रूडोम ह्यांनी १९७९ साली न्यू ऑर्लिन्समध्ये आपले उपाहारगृह उघडले, आणि पुढील दहा वर्षांत केजन स्वयंपाकाचे वेड साऱ्या अमेरिकेला लावले. एवढा मोठा बल्लवाचार्य. पण त्यांनीही स्वतःच्या नावाने तयार मसाले बाजारात आणले. मसाल्याचे प्रमाण ही विकत देता-घेता येण्यासारखी वस्तू आहे, हे त्यांनी मान्य केले असेच म्हणावयाचे. आपल्याकडे गोडा मसाला विकत आणणारी गृहिणी आमटी दुसऱ्याने केली असे मानीत नाही; तसेच हे.

तेव्हा मसाल्याचे प्रमाण पेटीत भरता येते. दुसरी भरता येण्यासारखी गोष्ट म्हणजे योग्य तांदूळ. पुष्कळ पेट्यांत लांब दाण्याचा, तुसासकट भिजवून, वाफवून, वाळवून मग सडलेला तांदूळ असतो. कोकणात आणि गोव्यात ज्याला आपण उकडा तांदूळ म्हणतो त्याचाच हा यंत्रयुगातला भाऊबंद. वाफवण्याच्या क्रियेत दोन गोष्टी घडतात. कोंड्यातली काही जीवनसत्त्वे आत दाण्यात उतरतात. आणि दाण्यातले पीठ एकदा फुगून पुन्हा घट्ट बसते, त्यामुळे असा तांदूळ शिजताना सहसा फुटत नाही, चिकटत नाही. युरोपीय शास्त्रज्ञ एरिख हुझेनलाउब ह्यांनी ह्या जुन्या क्रियेला कारखान्याचे रूप दिले आणि १९४० नंतरच्या दशकात टेक्ससमधील ह्यूस्टन येथे असा तांदूळ मोठ्या प्रमाणावर निघू लागला. जंबालायाला हा तांदूळ मानवतो, कारण त्यात मांस, भाज्या आणि तांदूळ एकत्र शिजावयाचे असतात; पाणी थोडे इकडेतिकडे झाले तरी लगदा होत नाही.

आता भरता न येणाऱ्या गोष्टी. पहिली, ताज्या भाज्यांचा ओलावा आणि गोडवा. वाळवलेल्या कांद्याच्या कणांना वास असतो, पण मंद तेलावर परतलेल्या कांद्याची गोडी त्यांना नसते. दुसरी, खरपूसपणा. गंबोचा प्राण म्हणजे ‘रू’: तेल आणि गव्हाचे पीठ जवळजवळ समप्रमाणात घेऊन, मंद आचेवर अर्धा-पाऊण तास सारखे ढवळीत तांबूस, मग गडद तपकिरी होईपर्यंत भाजावयाचे. लाडवांसाठी बेसन भाजणाऱ्या माणसाला ह्यातले मर्म चटकन कळेल: क्षणभर लक्ष ढळले, पिठात काळे ठिपके दिसले, की सारे फेकून पुन्हा आरंभ. पीठ जितके गडद भाजावे तितका स्वाद खोल होतो; परंतु उष्णतेने पिष्टाचे लांब धागे तुटत असल्यामुळे त्याची दाटपणा आणण्याची शक्ती उणावते. म्हणूनच गडद गंबोला भेंडी किंवा फिले ह्यांची जोड लागते. पेटीतल्या मिश्रणात पीठ असले तर त्याने दाटपणा येतो. पण आपल्या भांड्यात, आपल्या आचेवर घडणारा खरपूसपणा त्यात कसा असणार?

सुदैवाने ही उणीव भरून काढण्यास फार वेळ लागत नाही. जंबालायाची ८ औंसांची पेटी घेतली असे धरू. पेटीवर सामान्यतः अडीच अमेरिकन कप, म्हणजे सुमारे ६०० मिलिलिटर, पाणी घालावयास सांगतात आणि त्यात मांस टाकून सारे एकदम उकळावयास सांगतात. तसे करू नये. प्रथम जड बुडाच्या भांड्यात तेल तापवून कोंबडीचे तुकडे किंवा ‘आंडूई’ नावाच्या धुरावलेल्या सॉसेजच्या चकत्या चांगल्या तपकिरी होऊ द्याव्या आणि बाहेर काढून ठेवाव्या. त्याच तेलात एक कांदा, एक ढोबळी मिरची आणि सेलरीचे दोन देठ बारीक चिरून पाच-सात मिनिटे परतावे. मग पाणी ओतून तळाशी धरलेली खरवड लाकडी उलथन्याने सोडवावी. ही खरवड म्हणजेच तो तपकिरी रंग आणि तोच स्वाद. ती भांड्यासह घासून टाकणे म्हणजे सोने टाकून देणे होय. ह्यानंतर पेटीतला ऐवज व बाजूला काढलेले मांस घालून उकळी आणावी, आच अगदी मंद करावी, झाकण ठेवावे आणि सुमारे पंचवीस मिनिटे ते उघडू नये. शेवटी विस्तव बंद करून पाच मिनिटे भात मुरू द्यावा. कोळंबी घालावयाची असेल तर ती शेवटच्या पाच मिनिटांतच घालावी, नाहीतर रबरासारखी होते; तेवढ्यापुरते झाकण उघडून लगेच मिटावे. ह्या सगळ्यात पेटीवरच्या कृतीपेक्षा जास्तीत जास्त वीस मिनिटे अधिक लागतात. पण त्यांनी पेटीतल्या भाताचे घरचे जेवण होते.

आता ज्याकडे सर्वांत अधिक लक्ष द्यावयास हवे अशी गोष्ट सांगतो: मीठ. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की, प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे; म्हणजे २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम. पेटीवर मिठाचा आकडा नसतो, सोडियमचा असतो. त्याला अडीचने गुणले म्हणजे मीठ किती ते कळते. शिवाय हा आकडा ‘एका वाढणी’चा असतो, आणि पेटीची वाढणी व भुकेल्या माणसाची वाढणी ह्यांत पुष्कळ अंतर असते. उदाहरणादाखल, एका वाढणीत ६०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे असे समजा. जेवणाऱ्याने दोन वाढण्या घेतल्या की १२०० मिलिग्रॅम, म्हणजे ३ ग्रॅम मीठ पोटात गेले. त्यात सॉसेज पडले तर त्याचे मीठ निराळे. एका जेवणातच दिवसाचा बहुतेक वाटा संपतो. ज्यांच्या घरी रक्तदाबाचा विकार आहे त्यांनी ह्या हिशेबाकडे डोळेझाक करू नये. अमेरिकेतल्या वेष्टनांवर सोडियमपुढे शेकडा प्रमाणही छापलेले असते; ५ किंवा त्याहून कमी म्हणजे थोडे, २० किंवा त्याहून अधिक म्हणजे फार, एवढी खूणगाठ बांधून ठेवली तरी दुकानात उभ्या उभ्या निवड करता येते.

मीठ पेटीतून काढून घेता येत नाही. पण ते पातळ करता येते. एका पेटीत अर्धा कप साधा उकडा तांदूळ आणि एक कप पाणी अधिक घालावे. तेच मीठ, तोच मसाला अधिक भातात विभागला जातो, आणि ह्या मिश्रणांचा मसाला बहुधा इतका झणझणीत असतो की तो ही विभागणी सोसतो. भाज्या दुप्पट घालाव्या. सॉसेजऐवजी साधी कोंबडी घ्यावी. डब्यातला राजमा वापरावयाचा तर त्यातले खारट पाणी ओतून देऊन दाणे धुऊन घ्यावे. वरून मीठ मुळीच घालू नये. चव मचूळ वाटली तर लिंबू पिळावे किंवा शिर्क्याचे चार थेंब घालावे. आंबटपणाने मिठाची उणीव पुष्कळ अंशी झाकली जाते.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतही अशा पेट्या आणल्या जातात. त्यांतल्या शाकाहारी घरांसाठी दोन शब्द. ‘राजमा व भात’ एवढे नाव वाचून पेटी शाकाहारी आहे असे समजू नये. स्वादासाठी कोंबडीची चरबी किंवा मांसाचा अर्क घातलेला असू शकतो. वेष्टनावरची घटकांची यादी शेवटपर्यंत वाचावी. मांस वगळल्यावर धुराचा वास उणा पडतो. तो धुरावलेल्या तांबड्या मिरचीच्या पुडीने भरून निघतो. गंबोत भेंडी आणि राजमा घातला, वर पातीचा कांदा बारीक चिरून टाकला, तर मांसावाचूनही भरीव जेवण होते. लहान मुलांसाठी मात्र तिखटाचा अंदाज आधी घ्यावा.

एक सूचना उरलेल्या भाताविषयी. शिजलेला भात तासन्तास उघड्यावर राहिला तर त्यात असे जंतू वाढतात की, त्यांचे विष पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. म्हणून उरलेला जंबालाया दोन तासांच्या आत उथळ भांड्यात पसरून शीतपेटीत ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशी थोडे पाणी शिंपडून चांगली वाफ येईपर्यंत तापवावा. कोंबडी असेल तर ती पहिल्याच दिवशी पुरती शिजली आहे ना, हे पाहावे. आतला भाग ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापला पाहिजे.

असो. मसाल्याचे प्रमाण आणि निवडक तांदूळ पेटीकडून घ्यावेत. कांद्याची गोडी, खरपूस तळ, झाकण न उघडण्याचा धीर आणि मिठाचा हिशेब ही कामे आपण करावी. अशी वाटणी केली तर पेटी चाकराप्रमाणे वागते, आणि चाकराने मालकीण व्हावे असा प्रसंग येत नाही. आणि एखाद्या रविवारी सवड मिळाली, तर पेटी फडताळातच राहू द्यावी. तेल आणि पीठ घेऊन चुलीपाशी उभे राहावे आणि पाऊण तास ढवळीत रू तपकिरी होताना पाहावे. एकदा तो रंग डोळ्यांत बसला आणि तो वास नाकात भरला, म्हणजे पुढच्या कामाच्या दिवशी पेटी उघडताना तिच्यात काय आहे आणि काय घालावयाचे राहिले आहे, हे कोणी सांगावे लागणार नाही.